उजवा अंगठा आणि अडतीस नमस्कार

गेल्या दोन महिन्यांत तीन माणसं माझ्याकडे हात दाखवायला आली. तिघांनीही उजव्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला बोट ठेवलं आणि विचारलं, “तुमचं इथीच दुखे का?” मी डॉक्टर नाही. सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावी तलावावर मासेमारी करणाऱ्यांची संस्था आहे, तिचा मी सचिव. वय सत्तेचाळीस, शिक्षण बारावी. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं, म्हणून हे लिहितो. आकडा जिथे अंदाजाचा आहे तिथे तसं सांगेन.

फोन

गेल्या दिवाळीनंतर मी मोबाइल घेतला. त्याच सुमारास गावाजवळ टॉवर उभा राहिला होता. संस्थेचे सभासद बावन्न, त्यांतल्या अडतीस घरी फोन आले. बोलायला पैसे पडत, पण त्या योजनेत मेसेज फुकट होते. आठवड्यातून सरासरी चार वेळा सभासदांना काहीतरी कळवावं लागतं. राखणीला कोणाची पाळी, माशांची गाडी किती वाजता येणार, मत्स्यबीज कधी सोडायचं, सभा कधी. पूर्वी हे मी पायी फिरून सांगायचो. आता घरी बसून सांगता येईल असं वाटलं.

पहिल्याच आठवड्यात मी एक मेसेज लिहिला आणि सगळ्यांना एकदम पाठवला. यादीत पहिलं नाव माझ्या चुलत बहिणीच्या नवऱ्याचं होतं, म्हणून सुरुवात ‘नमस्कार जावईबुवा’ अशी होती. ती तशीच अडतीस फोनांवर गेली. दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दसरू मामांनी मला अडवलं. हे आमचे सर्वांत जुने सभासद, वय बहात्तर.

“काऊन रे केशवा, मी तुया जावई कधीपासून झालो? पोरगी त दाखव आधी.”

यमुनाबाई म्हणून एक सभासद आहेत, नवरा गेल्यापासून त्या स्वतः तलावावर येतात. त्या मागून म्हणाल्या, “मामा, तुम्हाले पोरगी तरी भेटन. मले काय भेटन?”

हसले सगळे, पण चौघं जण खरोखर रागावले. आमच्याकडे माणसाला कामाला बोलवायचं तर नात्यानं बोलवावं लागतं. सगळ्यांना मिळून एक सांगणं म्हणजे कोणालाच न सांगणं. कोणी मामा, कोणी भाऊजी, कोणी काका, कोणी बाई. दवंडी ऐकून आमच्याकडे कोणी जाळं उचलत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला वेगळा मेसेज लिहू लागलो. नमस्कार, मग नातं, मग मजकूर. इंग्रजी अक्षरांत मराठी. ज्यांनी तसला बटणांचा फोन वापरला आहे त्यांना ठाऊक आहे की एका बटणावर तीन-चार अक्षरं असतात. नुसत्या ‘नमस्कार’ला बटण पंधरा वेळा दाबावं लागतं. ‘मामा’ चार दाबांत होतो, ‘जावईबुवा’ला तेरा लागतात. एक मेसेज अंदाजे एकशे नव्वद दाबांचा. अडतीस मेसेज म्हणजे सात हजार दोनशे वीस दाब, एका बैठकीत, एका अंगठ्याने. आठवड्यातून चार वेळा. दुखणं सुरू होईपर्यंत अठरा आठवडे झाले होते. गुणाकार केला तर पाच लाख एकोणीस हजार आठशे चाळीस. हा गुणाकार मी नंतर केला. आधी केला असता तर बरं झालं असतं.

दुखणं

होळीच्या सुमारास सकाळी दूध काढताना अंगठ्याच्या मुळापासून मनगटात कळ गेली. झोपेत हात वळला असेल असं मी समजलो. आठ दिवसांनी पाहुण्यांसमोर हातातून चहाचा कप सुटला. नंतर सदऱ्याचं बटण लागेना. नंतर जाळं विणायच्या सुईवर पकड राहीना. गाठ घट्ट करायला दोरा ओढला की हात आपोआप उघडायचा. तेव्हा मला भीती वाटली. दुखण्याची नाही, मेची.

दरवर्षी मेच्या शेवटी तलावाचं पाणी उतरतं आणि सगळे सभासद मिळून मोठं जाळं ओढतात. दोरीला ज्याचा हात त्याला मासळीचा पूर्ण हिस्सा. जो काठावर राहिला त्याला अर्धा. काठावरच्यांची यादी सचिव करतो. हा नियम सहा वर्षांपूर्वी मीच लिहून मंजूर करून घेतला, कारण काही जण नुसतेच उभे राहून पूर्ण हिस्सा नेत होते. नियम झाला त्याच वर्षी दसरू मामा पाळीवरून घसरले आणि त्यांच्या हाताला प्लास्टर लागलं. त्यांनी मला विचारलं होतं, “चाळीस वर्ष दोरी ओढली मी. ते नाई मोजत का?” मी वही उघडून नियम दाखवला. मी त्यांचं नाव यादीत लिहिलं.

मी स्वतः चौदाव्या वर्षापासून एकदाही काठावर उभा राहिलेलो नव्हतो. मेपर्यंत अंगठा बरा होतो की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्यासमोर होता.

चुकीचे पाच आठवडे

दोन वर्षांआधी आमच्याकडे चिकुनगुन्या येऊन गेला. तेव्हापासून कोणाचाही सांधा दुखला की गाव निदान करून मोकळं होतं. गावातल्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं आणि गोळ्या दिल्या. मी म्हटलं, ताप आला नाही, दुसरा एकही सांधा दुखत नाही. ते म्हणाले, “कधी कधी तसा पण असते.” दहा दिवस गोळ्या घेतल्या. मग एका बाईंकडून मोहाच्या तेलानं चोळून घेतलं. त्यांनी ज्या जोरानं अंगठा ओढला, त्याच्यानंतर दोन दिवस मला दरवाजाची कडी काढता आली नाही.

या सगळ्या काळात मेसेज चालूच होते. हे लिहिताना आजही माझा मला राग येतो. दुखऱ्या अंगठ्याने मी लोकांना कळवत होतो की अंगठा दुखत असल्यामुळे सभेची वेळ बदलली आहे.

निदानाचा दिवस

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात चंद्रपूरला एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. पत्नी सुलोचना सोबत होती. साडेतीन तास बसलो, आत नऊ मिनिटं होतो.

डॉक्टरांनी अंगठा मुठीच्या आत घ्यायला लावला आणि मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो बाहेरच्या बाकापर्यंत गेला, असं सुलोचना सांगते.

“काय काम करता?”

“मासेमारी. जाळं विणतो, ओढतो.”

“किती वर्षं?”

“तेहतीस.”

“तेहतीस वर्षं दुखलं नाही. मग आताच का? दिवाळीनंतर नवीन काय सुरू केलं?”

मी प्रामाणिकपणे म्हणालो, “काहीच नाही.”

सुलोचना म्हणाली, “सांगा ना त्याईले, तो फोन.”

“फोनानं काय होते?” मी म्हणालो.

डॉक्टरांनी फोन मागितला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, “एक मेसेज लिहा.” मी सवयीने नमस्कार लिहायला लागलो. चौथ्या अक्षराला माझा खांदा वर गेला. हे मला कळलं नव्हतं, त्यांनी दाखवलं. मग एका बैठकीत किती, असं त्यांनी विचारलं. मी अडतीस सांगितलं. सगळ्यांना एकच का पाठवत नाही, असं विचारल्यावर जावईबुवांची हकिगत सांगावी लागली. ते हसले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, अंगठा हलवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, ज्या नळीतून जातात ती नळी सुजली आहे. नुसत्या फोनानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. जाळ्याची ओढ आधीची होतीच, तिच्यावर हे पडलं. मनगटाला पट्टा, सहा आठवडे. एक इंजेक्शन. दहा वेळा शेक. या काळात अंगठ्याने फोन नाही, दूध काढणं नाही, दोरी नाही. एवढ्याने भागलं नाही तर छोटं ऑपरेशन.

मी कॅलेंडर मनात मोजलं. जाळं पाचव्या आठवड्यात येत होतं.

“पाच आठवड्यांत नाही होणार?”

“सहा म्हणजे सहा,” ते म्हणाले.

दुसरं कोणी आकड्याला असं चिकटलं असतं तर मला आवडलं असतं.

शेक

शेकाच्या दिवशी पहाटे उठून सहा चाळीसची एसटी. चंद्रपुरात साडेदहाला नंबर. शेक वीस मिनिटांचा. घरी परत तीनला. वीस मिनिटांसाठी आठ तास वीस मिनिटं, असे दहा दिवस. एसटीत डाव्या हाताने दांडी धरून उभा राहायचो, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी पट्टा बघून विचारायचं, “पडले का भाऊ?”

पडलो म्हटलं असतं तर सोपं होतं. मी खरं सांगायचो. मग पुढचं ऐकावं लागायचं. “फोनानं? कुदळीनं नाई दुखला, फोनानं दुखला?” एकाने आपला फोन खिशातून काढून मला हातात तोलून दाखवला, किती हलका आहे ते.

शेकाच्या ठिकाणी माजरीच्या खाणीत डंपर चालवणारे एक गृहस्थ खांद्यासाठी येत. आणि चिमूरच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई, त्यांचं माझ्यासारखंच, पण कात्रीमुळे. पहिल्या दिवशी माझा डबा उघडेना म्हणून त्यांनी उघडून दिला. मी डाव्या हाताने जेवायला लाजतो आहे हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चमचा आणला. त्याच्या दांडीला चिंध्या गुंडाळून, वरून शिवून, दांडी चांगली जाड केली होती. “बारीक वस्तूले अंगठा चिमटा घेते भाऊ, तेच दुखते. जाड धरा, चार बोटाईनं.” तो चमचा माझ्याकडे आहे. त्यावरून मी पेनलाही तसंच कापड गुंडाळलं. पाच आठवड्यांच्या गोळ्यांनी आणि तेलाने जे केलं नव्हतं ते त्या चिंध्यांनी केलं. मला भात खाता आला.

इंजेक्शनचं मी वाईट ऐकलं होतं. दुखलं, पण दाराची कडी आठवली तर कमीच.

घर

घरचं सांगायला अवघड जातं. मी एक वही केली होती, रोज सकाळी आणि संध्याकाळी दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या आठवड्यात सात, सात, आठ, सात. मी ते सुलोचनाला वाचून दाखवायचो. आमच्या दोन गायी आता तीच दोहत होती. सदऱ्याची बटणं तीच लावत होती. आणि तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम सुरू झालेला, म्हणून पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी ओसरीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात सत्तर पानं.

एका दुपारी मी म्हणालो, “आज साडेसहा आहे.”

ती पानं मोजत होती. मोजणं न थांबवता म्हणाली, “लिहून ठेवा.”

“तुला काही वाटत नाही?”

तिने पुडा बांधला, बाजूला ठेवला. “मी काय करून राह्यली दिसते का तुम्हाले?”

“पुडे बांधतेस.”

“कशानं बांधतो मी? पान कशानं सरकवतो?”

मी पाहिलं. उजव्या अंगठ्यानं.

“तुम्हाले हिशोब येते ना. करा मंग.”

दिवसाला साधारण शंभर पुडे. सत्तर गुणिले शंभर, सात हजार. माझे दाब सात हजार दोनशे वीस.

“तुझा दुखतो का?” मी विचारलं.

“दुखते. लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षापासून दुखते. हंगाम सरला का थांबते.”

“कधी सांगितलं नाहीस.”

“कोणाले सांगू? तुम्ही वही केली असती का?”

मी त्या दिवसाचा संध्याकाळचा गुण लिहिला नाही. वहीत ती एकच जागा कोरी आहे.

हंगाम संपल्यावर, माझ्या शेवटच्या तपासणीला, मी तिचाही नंबर लावला. डॉक्टरांनी तिची मूठ तशीच वाकवली. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त डोळ्यांत पाणी आलं. तिलाही पट्टा मिळाला. तो ती घालते तेव्हा घालते.

बोलावणं

मेसेज बंद झाले तेव्हा मी एक शेवटचा, सगळ्यांना मिळून, डाव्या हाताच्या बोटाने लिहिला. त्यात नातं नव्हतं, म्हणजे चुकायला जागा नव्हती. ‘उद्या सकाळी सहाला पाळीवर या.’ अडतीस जणांना गेला. नऊ आले. बाकीच्यांना नंतर विचारलं तर उत्तर एकच, “आला होता मेसेज. पण मले कुठी बोलावलं होतं?”

मग मी पट्टा बांधून पायी निघालो. गावातली घरं, पलीकडचा टोला म्हणजे छोटी वाडी, पाळीखालची वस्ती, मिळून बावन्न घरं. घड्याळ लावून गेलो होतो. दोन तास वीस मिनिटं लागली, त्यात तीन घरचा चहा. अडतीस मेसेज लिहायला मला दोन तास बत्तीस मिनिटं लागत असत.

हे मी चार वेळा तपासलं.

काठ

जाळ्याचा दिवस आला तेव्हा पट्ट्याला तेहतीस दिवस झाले होते. दुखण्याचे गुण तीन. दोघा-तिघांनी सांगितलं, “लाव हात केशवभाऊ, नुसता लाव. कोण पाहून राह्यलं?” सुलोचना पाळीवर उभी होती, ती पाहून राह्यली होती. शिवाय यादी माझ्याच हातात होती.

त्या दिवशी काठावर पाच जण होते. मी पाच नावं लिहिली आणि सहावं माझं. जाड पेन चार बोटांत धरून लिहिलं, म्हणून अक्षर शाळेतल्या पोरासारखं आलं. मग यादी वाचून दाखवायची असते, ती दाखवली. सहाव्या नावाला यमुनाबाई दोरी खांद्यावर घेत म्हणाल्या, “सचिवाचा नमस्कार पोहोचला आम्हाले.”

दसरू मामा आता वयामुळे काठावरच असतात. त्यांनी पळसाखाली गमछा सरकवून मला जागा केली. जाळं दोन तास ओढलं जात होतं. माझे हात नुसते मांडीवर होते आणि प्रत्येक ओढीला खांदे आपोआप ताठ होत होते. मामा तंबाखू मळत होते. चिमूट तोंडात टाकून म्हणाले, “तुया अर्धा आन् माया अर्धा, मिळून एक पूर्ण होते. बरोबर आहे ना हिशोब?”

मी म्हणालो, “बरोबर आहे.”

“मंग सहा वर्ष मी अर्धाच काऊन नेऊन राह्यलो?”



ठराव

ऑगस्टमध्ये वार्षिक सभा झाली. तोपर्यंत पट्टा सुटला होता, ऑपरेशन टळलं होतं, गुण एकवर आले होते. मी ठराव मांडला की आजारी, जखमी आणि साठीच्या पुढच्या सभासदांना काठावरूनही पूर्ण हिस्सा द्यावा. कारण सांगताना मी दसरू मामांचं नाव घेतलं. सेहेचाळीस जण हजर होते. ठरावाच्या बाजूने एकोणीस हात वर झाले, विरुद्ध सत्तावीस.

विरुद्धच्या हातांत एक दसरू मामांचा होता.

मी सभा संपल्यावर त्यांना गाठलं. “मामा, हे तुमच्यासाठी होतं.”

“मले सहा वर्ष अर्धा देला,” ते म्हणाले. “आता माया मागून येणाऱ्याईले पूर्ण? कोण्या हिशोबानं?”

“मग पुढे कोणी सुधारायचंच नाही का?”

“पुढच्या वर्षी मांड. घरी येऊन सांग आधी. तू आज मांडणार हे मले कुठी सांगतलं होतं?”

खरं होतं. मी सूचनाफलकावर कागद लावला होता.

मला राग आला, तो अजून पूर्ण गेलेला नाही. पण पुढच्या सभेआधी बावन्न घरं फिरायची हे मी लिहून ठेवलं आहे. हात दाखवायला येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की दुखायला लागलं तर पाच आठवडे घालवू नका, आणि घरात दुसऱ्या कोणाचा अंगठा दुखतो का ते आधी विचारा.

त्या संध्याकाळी ठरावाची वही घेऊन मी ओसरीत बसलो. ठराव नामंजूर, बाजूने एकोणीस, विरुद्ध सत्तावीस. पेनवरचं कापड सोडून टाकलं होतं. सहा ओळी झाल्या, उजव्या हाताने. सही केली. दुखलं नाही.